राघो शेलारची डावी किडनी

१

राघो शेलारची हरवलेली डावी किडनी बाराव्या दिवशी सापडली. भिवंडीतच होती, तब्येतीनं ठणठणीत होती आणि सापडली तेव्हा शिलाई मशीनवर बसून परकर शिवत होती.

पण असं काही झालं नाही. चौकीच्या डायरीत आजही ‘तपास चालू’ एवढे दोनच शब्द आहेत, आणि जे डायरीत नाही ते घडलेलं नसतं हा नियम हवालदार चांगदेव केणे यांनी बावीस वर्षं नोकरीत पाळला होता. तेव्हा वरचं आपणही वाचलंच नाही असं धरू आणि रीतीप्रमाणे मेलेल्या माणसापासून सुरुवात करू.

फेब्रुवारी १९९६. ईद होऊन आठवडा झाला होता, शिमगा आठवड्यावर आला होता. भिवंडीत कुणालाच कसली घाई नव्हती. घाई होती ती कशेळीच्या पुलाकडून येणाऱ्या एका ट्रेलरला. सकाळी सव्वासातला त्यानं ठाण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका माणसाला उडवलं आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चांगदेव केण्यांनी तिथंच उकिडवं बसून पंचनामा लिहिला. ‘मयत इसम, वय अंदाजे बत्तीस. खिशात दवाखान्याचा इंग्रजी कागद, त्यावर नाव सादिक बुबेरे. जवळ थैली. थैलीत टॉवेल एक, केळी दोन, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन एक, फुटलेला, तळाशी पिवळट द्रव शिल्लक. सदर द्रव गावठी दारू असावी.’

वास त्यांनी घेतला नाही. कशेळीच्या नाक्यावर एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डिझेलचा धूर. तिथं शहाणा माणूस नाकाचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरताच करतो. शिवाय खाडीकडून पाच लिटरच्या कॅनमधून दुसरं काय येतं?

कागदावरून मयत सादिक बुबेरे ठरला. निरोप घेऊन शिपाई त्याच्या घरी गेला, टोपी काढली, घसा खाकरला आणि म्हणाला, “सादिक बुबेरे वारले.”

दार ज्यानं उघडलं होतं तो म्हणाला, “मीच सादिक.”

२

सादिकनं येऊन प्रेत ओळखलं. राघो लडकू शेलार, गाव दिघाशी, नूर मोहम्मद सेठच्या कारखान्यात त्याच्याबरोबर लूम चालवणारा.

“मग तुझा कागद त्याच्या खिशात कसा?” चांगदेवांनी विचारलं.

“माझ्या गोळ्या आणायला मुंबईला चालला होता, हवालदारसाब. दिवाळीनंतर मी बहिणीला किडनी दिली. सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. मला धावपळ झेपत नाही.” एवढं बोलून सादिक भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडला.

उत्तर चोख होतं. चांगदेवांनी कागद घडी घालून फायलीत ठेवला. आता प्रकरण ट्रेलरच्या नंबरापाशी येऊन थांबणार आणि नंबर कुणी पाहिलेला नसल्यामुळे तिथंच सुखानं पडून राहणार, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांनी बोलावलं.

“केणे, तुमच्या माणसात एक किडनी कमी आहे.”

“अपघातात पडली असेल. जागेवर बघायला लावतो.”

“किडनी म्हणजे चप्पल नाही, पडायला. काढलीय. डावी. जखम तीन-चार महिन्यांची. आणि टाके असे सुरेख, की आपल्या दवाखान्यात कुणाला येणार नाहीत. मला तर नाहीच.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी अंबाडीच्या नाक्यावर चहाबरोबर मिळू लागली. दिघाशीला पोचेपर्यंत तिला पंचनाम्यातला कॅनही येऊन चिकटला. तिसऱ्या दिवशी राघोची आई ठकुबाई चौकीच्या पायरीवर येऊन बसली.

“सुतक घरात ठेवून आलेय साहेब,” ती म्हणाली. “तुमच्या कागदावर काय लिवलंय, त्यावरनं गाव बोलतंय. राघोनं दारूसाटी किडनी इकली म्हनं. माजा पोर दारूला शिवत न्हवता. तेराव्याला माज्या दारात कोन जेवायला येनार न्हाय. तेराव्याच्या आत मना सांगा, त्याची किडनी कुनी काढली.”

“दिवाळीपासून काही वेगळं दिसलं होतं का त्याच्यात?”

“दिवाळीनंतर म्हयनाभर काम हाय म्हनून कारखान्यातच निजला. आला तवापासनं आंघोळीला बनियन घालून बसायचा. मी म्हनलं, आयसमोर लाजतंस काय रं? आनि पानी. तांब्यामागं तांब्या. रांजन पुरायचा न्हाय.”

चांगदेवांनी लिहून घेतलं. पोराला जाळून दोनच दिवस झाले होते आणि बाई रडत नव्हती, हे त्यांना खटकलं. त्यांनी तसं विचारलंही.

ठकुबाई पदर सारखा करत म्हणाली, “माजा पोर आदी एकदा मेलाय साहेब. तवा खोटं निगालं. म्हनून यंदाबी मी पुरतं धरलं न्हाय.”

दुःखानं बाई भ्रमली, असं समजून चांगदेवांनी हे वाक्य तेवढं लिहून घेतलं नाही. बावीस वर्षांत त्यांच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. ही दुसरी.

३

नूर मोहम्मद सेठच्या कारखान्यात चोवीस लूम एकदम खडखडतात. तिथं बोलणं म्हणजे ओठ आणि हात. चांगदेव आत शिरले तसे तीसएक माणसांचे हात हवेत थांबले.

सेठ त्यांना कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत घेऊन गेले. पोलीस बघून त्यांना घाम फुटला होता; पण तो त्यांना वीज मंडळाचा माणूस बघूनही फुटायचा, त्यामुळे त्याचा पुरावा म्हणून उपयोग नव्हता.

“सगळी भिवंडी बोलतेय, सेठ, की तुम्हीच कामगारांच्या किडन्या काढून विकता,” चांगदेवांनी सरळच टाकलं.

“तौबा! अहो, माझी स्वतःची मुतखड्यानं जायला आलीय. मला विकता येत असती तर आधी हीच दिली असती. हिरामण, हजेरीचं बुक आण!”

हिरामण मुकादम. तीस वर्षं लूमच्या आवाजात राहिल्यामुळे खासगीतसुद्धा सभेत बोलल्यासारखा बोलायचा. त्यानं बुक उघडून नोव्हेंबरवर बोट ठेवलं. “राघो शेलार! सव्वीस दिवस, सव्वीस हजेऱ्या! एक खाडा नाही!”

चांगदेवांनी तीनदा मोजलं. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. डॉक्टर म्हणतात जखम तीन-चार महिन्यांची. म्हणजे किडनी गेली ती नोव्हेंबरात. आणि नोव्हेंबरात राघो रोज आठ तास लूमवर उभा. पोट फाडून घ्यायला तो गेला कधी? जेवणाच्या सुट्टीत?

“बुकात रजेवर सादिक होता!” हिरामण ओरडला. “बहिणीला किडनी द्यायला! महिनाभर! आणि माणूस लोखंडासारखा! यंदा तीसच्या तीस रोजे धरले त्यानं, ड्युटी करून! पाण्याचा थेंब नाही! शाबास पोरगा!”

बाकीच्या कामगारांना चांगदेवांनी एकेक करून विचारलं, नोव्हेंबरात राघो कामावर होता काय? प्रत्येकानं मान डोलावली. बुकात आहे ना, मग होता. कुणाची नजर हलली नाही, कुणाचा आवाज अडखळला नाही. चांगदेवांना माणसं ओळखता यायची. या तीस माणसांत एकही खोटं बोलत नव्हता.

मग राघो एकाच वेळी दोन ठिकाणी होता.

४

बुबेऱ्यांचं घर खाडीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. सादिकची बहीण शकिला मशीनवर बसून बायकांचे परकर शिवत होती. चोवीस वर्षांची, तोंडावर अजून आजाराची फिकट सूज, पण पाय मशीनवर झपाझप चाललेले. हवालदार दिसताच ते पाय थांबले.

“बसा चाचा. सादिक येईल इतक्यात.”

चांगदेव बसले आणि सवयीनं भिंती वाचू लागले. कॅलेंडर. औषधांची पिशवी. मोठा भाऊ मोहिउद्दीन याचा हार घातलेला फोटो. आणि चौकटीत बसवलेलं एक प्रमाणपत्र, जे बघून त्यांना बरं वाटलं. कारण खाली बारीक अक्षरात ‘व्यवस्था : ह. चां. केणे’ असं छापलेलं होतं. मोहल्ला कमिटीच्या रक्तदान शिबिराचं. ‘श्री. सादिक बुबेरे, रक्तगट बी पॉझिटिव्ह, यांनी रक्तदान करून...’ वगैरे.

सादिक आला. पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत. पाठ केल्यासारखं.

“राघो किडनी कुणाला देईल, असं तुला वाटतं?”

सादिक शकिलाकडे बघणार होता. बघता बघता त्यानं मान फिरवली आणि घड्याळाकडे बघितलं. घड्याळ बंद होतं.

“मला काय ठाऊक,” तो म्हणाला.

५

दहाव्या दिवशी दिघाशीच्या ओढ्यावर पिंड ठेवले. कावळा शिवला नाही. भाऊबंदांनी ‘आईला सांभाळू’ म्हटलं, ‘ट्रेलरवाल्याला धरू’ म्हटलं. कावळे आंब्यावर बसून ऐकत राहिले. शेवटी कुणीतरी चावट म्हणाला, “दारू ठेवा,” आणि खरोखरच गावठीचा ग्लास ठेवण्यात आला. कावळे उडून गेले. अखेर दर्भाचा कावळा करून वेळ भागवली.

अकराव्या दिवशी ठकुबाई पुन्हा चौकीच्या पायरीवर. “उद्याचा दिस मधी हाय साहेब. परवा तेरावं.”

या वेळी चांगदेवांनी न लिहिलेलं वाक्य विचारलं. “आजी, आधी एकदा मेला म्हणजे?”

“सात वर्सं झाली. आनंदीची, माज्या लेकीची, हळद व्हती. राघो मांडवाला केळी बांदत व्हता. कारखान्याचा मानूस रडत आला, म्हनला, राघो शॉक लागून गेला, बुकात नाव हाय. राघो शिडीवरनं म्हनतो, मी हितं हाय! समदं हळदीचं घर हसलं साहेब. मी बी हसले. मंग राघो शिडीवरनं उतारला आनि वाकून वकायला लागला. त्याला कललं हुतं कोन मेला ते.”

“कोण?”

“नाव कदी घेतलं न्हाय त्यानं.”

चांगदेव उठले ते तडक कारखान्यात. हिरामणकडून सात वर्षांपूर्वीचं बुक काढवलं. उंदरांनी कोपरे खाल्ले होते, पण तो दिवस शिल्लक होता. राघो शेलार, हजर. शेरा : शॉक लागून मयत.

“मेला कोण होता?”

“मोहिउद्दीन बुबेरे!” हिरामण म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात पुढे म्हणाला, “सादिकचा थोरला भाऊ.”

“त्याचं नाव कुठाय?”

“कसं असेल? तो राघोच्या बदलीवर उभा होता. हळद होती ना राघोकडं. आपल्याकडं बदलीवाल्याचं नाव कोण लिहितो, साहेब? लूम ज्याचा, हजेरी त्याची. नाही तर सेठ लूम दुसऱ्याला देईल. सगळ्या भिवंडीत असंच चालतं. तुम्हाला माहीत नाही?”

चांगदेवांना माहीत होतं. ते इथंच वाढले होते. पण पोलिसात गेल्यापासून त्यांना छापील रकाना दिसला की तो खरा वाटायचा.

“नोव्हेंबरात राघोच्या लूमवर कोण होतं?”

“सादिक.”

“मग विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं राघो होता का. त्याचा लूम चालू होता. कापड निघत होतं. म्हणजे होताच की! आणि सादिक बुकात रजेवर. तेही सांगितलं!”

चांगदेव सरकारी दवाखान्यात गेले आणि फायलीतला तो इंग्रजी कागद डॉक्टरांपुढे धरला. “वाचा. मोठ्यानं.”

“नाव सादिक बुबेरे. किडनी देणारा. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. सूचना, रोज तीन लिटर पाणी पिणे. पुढील तपासणी अठ्ठावीस फेब्रुवारी. स्वतः येणे. येताना चोवीस तासांची लघवी...” डॉक्टर थांबले. “तुमचा चेहरा असा का झाला, केणे?”

“पुढं वाचा.”

“...लघवी स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून आणणे.”

६

बाराव्या दिवशी दुपारी चांगदेव बुबेऱ्यांच्या घरात बसले होते. डायरी त्यांनी चौकीतच ठेवली होती.

“सदरा वर कर,” ते सादिकला म्हणाले.

सादिकनं केला. पोट सपाट, कोरं, कसलाही व्रण नसलेलं.

“तुझं रक्त बी. माझ्याच शिबिरात काढलं. सादिक बुबेरेच्या नावावर ज्यानं किडनी दिली त्याचं रक्त ओ. त्याला रोज तीन लिटर पाणी सांगितलेलं. तू तीस दिवस लूमच्या उकाड्यात पाण्याशिवाय काढलेस. आणि दिघाशीला एका म्हातारीचा रांजण रिकामा होत होता. गोळ्या आणायला जाणारा माणूस आपली लघवी बरोबर घेऊन जात नाही, सादिक. मी तिला दारू लिहिलं. माझी पहिली चूक ती. राघो मुंबईला तुझ्या नावानं निजला होता आणि तू इथं त्याच्या नावानं लूम चालवत होतास. दोघांनी एकमेकांची बदली केली.”

सादिक खाली बसला. बोलली ती शकिला.

“माझं आणि सादिकचं रक्त जुळलं नाही चाचा. नात्यातल्या कुणाचंच नाही. गेल्या साली कायदा आला; परक्यानं द्यायची तर समितीपुढं जायचं. समिती म्हणाली आठ महिने लागतील. माझ्याकडे आठ आठवडे होते.”

“मी त्याच्याकडे मागितली नाही,” सादिक म्हणाला. “कसम खातो. जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता रडलो फक्त. दुसऱ्या दिवशी तोच आला. म्हणाला, ‘मोहिउद्दीननं माझी एक शिफ्ट केली, ती परत करायची राहिलीय. तिच्या बदली किडनी देतो.’ मी म्हटलं, येड्या, शिफ्ट कुठं आणि किडनी कुठं! तर म्हणतो, ‘तुझा भाऊ त्या शिफ्टवरनं घरी आला न्हाय. मी तर अकरा दिवसांत येनार. माझा लूम तेवढा बंद पडू देऊ नको.’ रेशनकार्डावर फोटो कुठं असतो, साब? त्यानं आमच्या अब्बांचं नाव पाठ केलं. वॉर्डातला शेजारी पहाटे नमाजाला उठवायचा, तर राघो उठायचा. म्हणाला, ‘बदलीवर आलोय तर पुरती ड्युटी करावी.’”

कुणी हसलं नाही.

“त्या दिवशी तुमचा शिपाई आला,” शकिला म्हणाली, “आणि बोलला, सादिक वारला. सादिक तर दारात उभा. मला तिथंच कळलं, कोण मेलं ते. सांगता येईना, रडता येईना. आत येऊन मशीन चालवत बसले.”

चांगदेवांनी डोळे मिटून घेतले. गुन्हे तीन होते. खोटं नाव, खोटं नातं आणि खोटा पंचनामा. तिसरा त्यांचा स्वतःचा. खरं लिहावं तर सादिक आत जाणार आणि या पोरीला किडनीसकट कोर्टात उभं करणार. न लिहावं तर राघो जन्मभर, म्हणजे आता मरणभर, दारुडा राहणार. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग ठरवलं की हे ठरवण्याचा अधिकार हवालदाराच्या हुद्द्याला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी ठकुबाईला त्या घरात आणलं. वाटेत सगळं सांगितलं. उंबऱ्यात उभी राहून तिनं शकिलाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“कुठं बसवलीय?”

शकिलानं पोटाच्या उजव्या अंगाला हात ठेवला.

“राघोची तर डावी व्हती.”

“डॉक्टर इथंच बसवतात, आई.”

ठकुबाई जवळ गेली. तळहात त्या जागेवर ठेवला आणि ठेवूनच राहिली, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा. सादिकनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

“पानी पितंस?”

“पिते.”

“न्हाय पीत. मशीनवर बसलीस की इसरतंस, तोंडावरनं दिसतंय. तो तांब्यामागं तांब्या प्यायचा. पी. माज्यासमोर पी.”

शकिला तांब्याभर पाणी प्यायली. पुरतं संपेपर्यंत ठकुबाई तिच्याकडे बघत होती. मग चांगदेवांना म्हणाली, “हिचं नाव कुटं लिवू नका. दारूचं तेवडं खोडा.”

आणि उंबरा ओलांडल्यावर, बारा दिवसांत पहिल्यांदा, ती रस्त्यात मधोमध बसून रडली.

७

तेराव्याला दिघाशीत पन्नास पत्रावळी मांडल्या होत्या आणि माणसं होती नऊ. त्यातली दोन भिवंडीहून आलेली, सादिक आणि त्याची बहीण. बाकी गाव देवळाच्या पारावर बसून जेवायला जायचं की नाही याची चर्चा करत होतं.

चांगदेव गणवेशात पाराकडे गेले. “राघो शेलारजवळच्या कॅनमध्ये दारू नव्हती,” ते सभेत सांगावं तसं म्हणाले. “लघवी होती. त्याची स्वतःची. दवाखान्यात तपासायला नेत होता. मी वास घेतला नाही. चूक माझी.”

सरकारनं चूक कबूल केल्याचं गावानं पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही लघवीच्या बाबतीत.

“आनि किडनी?” कुणीतरी विचारलं.

“तपास चालू आहे.”

निम्मं गाव उठून जेवायला आलं. निम्मं आलं नाही. उरलेल्या पत्रावळी वाऱ्यानं अंगणात फिरत राहिल्या. पंचनामा चहा सांडून खराब झाल्यामुळे पुन्हा लिहावा लागला. त्यात कॅनपुढे ‘पाणी असावे’ असं आहे. ट्रेलर सापडला नाही.

एप्रिलात मृत्यूचा दाखला आला. ठकुबाईनं तो चांगदेवांकडून दोनदा वाचून घेतला आणि मान हलवली. “ह्ये चुकलंय. कावला शिवला न्हाय तो उगाच का? तो पुरता मेलाच न्हाय. लिवा.” ती सांगत गेली, चांगदेव सरकारी भाषेत उतरवत गेले. एकदाही त्यांनी लेखणी थांबवली नाही. तो अर्ज पुढीलप्रमाणे :

प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी.

विषय : मयत राघो लडकू शेलार यांच्या मृत्यूच्या दाखल्यात अंशतः दुरुस्ती होणेबाबत.

महोदय, अर्जदार ठकुबाई लडकू शेलार, राहणार दिघाशी, तालुका भिवंडी, विनंती अर्ज करते की, माझा मुलगा राघो हा दिनांक २८ फेब्रुवारी १९९६ रोजी कशेळी येथे मयत झाल्याचा दाखला आपल्या कार्यालयाकडून मिळाला. सदर दाखल्यात त्यास पूर्ण मयत दाखविण्यात आले आहे. वस्तुतः सदर इसमाची डावी किडनी त्या दिवशी कामावर हजर होती व आजतागायत हजर आहे. तिने एकही खाडा केलेला नाही. ती कोणाच्या बदलीवर आहे, हे सांगण्याची सक्ती अर्जदारावर करू नये. तरी मेहेरबान साहेबांनी तेवढा भाग मृत्यूतून वगळून सुधारित दाखला द्यावा आणि उर्वरित मृत्यूची नोंद सदर किडनीची ड्युटी संपेल त्या दिवशीच, अर्जदार हयात नसल्यासही, करून घ्यावी, ही विनंती.

अर्जदाराचा अंगठा.